लाइट लावा भाऊ, पण समोरच्याला आंधळा करू नका!

गोंडपिपरी-आष्टी रोडवर रात्री दुचाकीनं जाऊन पाहा. समोरून पांढराफटक एलईडी आला की ना खड्डा दिसत, ना रानडुक्कर. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबला की उजेड विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ८ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दिपू नयेत, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे! ६०/५५ वॅटच्या वायरिंगवर १०० वॅटचा बल्ब लावाल तर होल्डर वितळेल, आगही लागेल.

उजेड कमी वाटतो? आधी पिवळी पडलेली काच साफ करा, कंपनीनं सांगितलेल्याच वॅटचा चांगला बल्ब टाका, भिंतीसमोर गाडी लावून डिपर खाली सेट करा. अन् तपासणी फक्त हेल्मेटचीच काय? असले बल्ब विकणाऱ्यांना कोण विचारणार? पटलं तर शेअर करा.