मास्तर निवडताना टक्केच का बघतात?

मास्तरांच्या भरतीची यादी लागली की पाड्यापाड्यावर एकच विचारणा होते, आपला कोणी लागला का? पोरांनी डी.एड. करून सर्टिफिकेट पेटीत ठेवलंय आणि पोरं भाताच्या मळणीवर आहेत, असं आपण पाहतो.

डी.एड.ला जागा मिळते ती बारावीच्या टक्क्यांवर. पुढे जिल्हा परिषदेची यादीही मार्कांवरच. आदिवासींना जागा राखीव आहेत, पण त्यातली रांगसुद्धा मार्कांचीच. आवणीला शाळा सोडून शेतात उतरलेला, दिवाळीनंतर आईबापासोबत भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेला पोरगा पास झाला, हेच नवल. त्याचे ४८ टक्के आणि शहरात क्लास लावून मिळवलेले ७० टक्के एकाच पट्टीने मोजायचे?

मार्क नकोतच, असं आम्ही म्हणत नाही. मार्क काढले तर पुढाऱ्याचा भाचा आणि पाकीट पुढे येईल, असं मीटिंगमध्ये बाया बोलल्या. ते खरं आहे. मार्कांना निदान कागद तरी असतो.

पण कागद सगळं सांगत नाही. पहिलीतलं पोर घरी वारली बोलतं, मास्तर पुस्तकातली मराठी. मास्तर विचारतो, पोर गप्प. मग ते 'ढ' ठरतं, शेळ्यांमागे जातं आणि शाळेच्या हजेरीत नुसतं नाव राहतं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा, असं घटनेचं कलम ३५०-अ १९५६ पासून सांगतंय. भरतीच्या रांगेत मात्र भाषेला एक मार्क नाही!

जंगलप्लॉटाच्या दाव्यात आपण काय म्हणतो? कागद नसला तरी कसतो आम्ही, बांध बघा, म्हाताऱ्यांना विचारा. इथेही तसंच करा. डी.एड. पास, एवढी अट पुरे. त्यानंतर गावासमोर पोरांशी त्यांच्या बोलीत बोलून दाखवावं आणि गावातच राहावं. हे उघड्या ग्रामसभेत झालं तर पाकीट द्यायचं कोणाला?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. त्याआधी प्रत्येक पाड्याने लिहून आणा: शाळेत मास्तर किती, आपली बोली कितीजणांना येते, मुक्कामाला कितीजण राहतात. डी.एड. होऊन घरी बसलेल्या पोरापोरींची नावंही आणा.