स्टेंटला दहा वर्षांची मुदत नसते



मागच्या महिन्यात रामल्याला एका घरी मालिद्याला गेले होते. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण आपल्या लोकांत नर्स कधी निवृत्त होत नाही. एलियाहू हन्नाबीची प्रार्थना झाली, ताटे यायची होती, तेवढ्यात एक नाना शेजारी येऊन बसले. "सिस्टर, माझ्या स्टेंटला आता दहा वर्षे पुरी होतात. नातू म्हणतो, त्याची दहा वर्षांचीच टेस्ट केलेली असते. मग आता काढून नवीन घालतात का?"

समोर बसलेले त्यांचे मेहुणे हसले. "अहो, धातू आहे तो, त्याला काय होतंय! मला चार महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हा बसवला. हातावर काळेनिळे डाग पडायला लागले म्हणून ती दुसरी गोळी मी बंदच केली."

एकाच आकड्याने एक घाबरले, दुसरे निर्धास्त झाले. दोघेही चुकले, पण मेहुण्यांची चूक जिवावर बेतणारी.

हृदय मिनिटाला 72 ठोके देते असे धरले तर दहा वर्षांचे जवळजवळ 38 कोटी ठोके होतात. म्हणून कंपनीला स्टेंट सुमारे 40 कोटी ठोक्यांइतका ताण देऊन दाखवावा लागतो. रबरासारख्या नळीत तो फुगवून बसवतात, 37 अंशांचे खारे पाणी भरतात आणि यंत्र ती नळी सेकंदाला 50-60 वेळा फुगवते, आकसवते. अशी तीन महिन्यांत दहा वर्षे उरकतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तडा गेला का ते पाहतात. वाकड्या नळीतून नेताना औषधाचा थर खरवडतो का, फुगा काढल्यावर स्टेंट किती आकसतो, हेही तपासतात. आपल्या जेरुसलेमच्या मेडिनॉल कंपनीचा एल्युनिर स्टेंट 2017 साली अमेरिकेत मंजूर झाला, त्यालाही हे चुकले नाही.

तेव्हा नाना, दहा वर्षे ही परीक्षा आहे, दुधाच्या पिशवीवरची तारीख नव्हे. इतक्या वर्षांत तो स्टेंट रक्तवाहिनीच्या अस्तराखाली गाडला गेलेला असतो. तो कोणी काढत नाही.

पण यंत्राच्या त्या नळीत रक्त नसते. स्टेंटवरचे औषध आत मांस वाढून नळी पुन्हा बुजू नये म्हणून असते. त्याच औषधाने अस्तर धरायलाही उशीर लागतो. तोपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती होऊ नये म्हणूनच त्या दोन गोळ्या. विरघळणारा स्टेंट आठवतो का? 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, 2017 मध्ये त्याची विक्री थांबली. यंत्रावर तो पास झाला होता, माणसांत मात्र धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या.

माझ्या वॉर्डात एक गृहस्थ होते. स्टेंटला सहा आठवडे झाले असताना दाढ काढायची म्हणून त्यांनी दोन्ही गोळ्या आपणहून सोडल्या. पाचव्या रात्री त्यांना आणले, स्टेंट पूर्ण बंद. जीव वाचला, पण हृदय निम्म्यावर आले. त्यांची बायको गोळ्यांचे भरलेले पाकीट हातात घेऊन दारात उभी होती, ती मला अजून दिसते.

माझी तक्रार आम्हा दवाखान्यातल्यांवरही आहे. घरी सोडताना हिब्रूतले चार कागद हातात देतो आणि मोकळे होतो. आपल्या वयाच्या माणसाला ते कुठे वाचता येतात? मुलाला, सुनेला बरोबर न्या आणि विचारा, "दुसरी गोळी कोणत्या तारखेपर्यंत?" ती तारीख मराठीत डब्यावर लिहा. झटक्यानंतर बहुधा वर्षभर, झटका नसेल तर साधारण सहा महिने, रक्तस्रावाचा धोका असेल तर कमी. ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे, दातांच्या डॉक्टरांनी किंवा आपण नव्हे. हातावरचे डाग बहुधा साधे असतात. काळी शौच झाली किंवा रक्त थांबेना, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

मेहुण्यांना मी तिथेच कुपत खोलीमला फोन लावायला सांगितला. तेवढ्यात ताटे आली. "सिस्टर, आधी मालिदा खाऊन घेऊ का?"

"खा हो," मी म्हटले, "पण फोन आधी."