जोंगा थोर, मग जिप्सी काडेपेटी कशी?

माजी सैनिकांच्या कुठल्याही बैठकीत एक वाक्य ठरलेलं असतं: "गाडी म्हणजे जोंगा! जिप्सी कसली, काडेपेटी." परवा तिरुवैयारुतही तेच ऐकलं, तमिळ वळणाच्या फौजी हिंदीत. आता लिहिणं भाग आहे.

तंजावूरहून पुलामागून पूल ओलांडत इथे पोचायचं. गावाचं नावच पाच नद्यांचं. लोक त्यागराजांच्या समाधीला येतात, मी गेलो एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या अंगणात, लिलावात घेतलेली त्यांची जोंगा पाहायला. गाडी देखणीच. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी, ११० अश्वशक्ती. १०६ मिलिमीटरची आरसीएल तोफ पाठीवर घेऊन हिंडणारी. तिचा मान तिला द्यायलाच हवा.

पण ऐयारप्पर मंदिराजवळच्या गल्लीत वळताना साहेबांना तीनदा मागेपुढे करावं लागलं. पेट्रोलच्या भीतीने ती रविवारीच निघते, भाजीला साहेब मोपेडवर जातात!

तिथे जमलेल्यांचा मुद्दा होता की जोंगा स्वदेशी, जिप्सी जपानी. मंडळी, जोंगा म्हणजे निसानची पेट्रोल. जबलपूरला १९६९ पासून परवान्यावर बनली, नावही जबलपूरवरूनच पडलं. जिप्सी सुझुकीची, १९८५ पासून गुडगावची. दोघींचं माहेर जपानच.

जिप्सीचं वजन साधारण एक टन, जोंगाचं त्याच्या दुपटीच्या आसपास. चिखलात रुतली तर चार जवान जिप्सी ढकलून काढतात. जोंगाला दुसरी गाडी आणि वायर रोप शोधावा लागतो. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं, त्यामुळे तालुक्याच्या मिस्त्रीलाही ते परकं नाही. पहाटे बर्फात गाडी चालू करणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, त्याला रुबाब हवा होता की पहिल्या सेल्फला इंजिन.

जिप्सीची आरतीही मी ओवाळणार नाही. पाट्यांच्या स्प्रिंगांनी तिने किती जणांचे मणके खिळखिळे केले! मागे आडव्या बाकांवर बसलेल्या क्यूआरटीच्या पोरांना कापडी हुडाचा आडोसा. त्या कापडाने पाऊस अडतो, गोळी नाही. वाद घालायचा तर यावर घाला. पण आपण बॉनेटची लांबी मोजत बसतो.

२०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर निघाली, तेव्हा जिप्सीला काडेपेटी म्हणणारेच "जिप्सीची सर नाही" म्हणून गळा काढू लागले. नव्या गाडीत ड्रायव्हरची पाठ शाबूत राहील का, स्फोटात मागची पोरं वाचतील का, हे मात्र त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

खाली अभिप्राय येतीलच. यावेळी एमटीवाल्यांनी आधी लिहावं, कंबरेला पट्टा बांधून फिरणाऱ्यांनी तर सर्वांत आधी. पुढच्या सीटवर बसून सॅल्यूट घेणारे आम्ही नंतर बोलू.