चार दिवसांचे सार्वमत

सिक्कीम भारताचे राज्य आहे आणि राहील, याविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न 14 एप्रिल 1975 या दिवसाचा आहे. त्या दिवशी सिक्कीममध्ये जे मतदान झाले, त्याला आपण पन्नास वर्षे सार्वमत म्हणत आलो आहोत. भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने 59,637 मते, विरोधात 1,496. एवढा मोठा फरक पाहिला की पुढे काही विचारावेसे वाटत नाही. पण निवडणुका आणि मतदानाच्या पद्धती हाच या स्तंभाचा विषय आहे, म्हणून विचारतो. सिक्कीमच्या माणसांचे मत काय आहे हे समजून घेण्यासाठी ते मतदान घेतलेच नव्हते, असे माझे मत झाले आहे. लोकांचा कौल बहुधा विलीनीकरणाकडेच होता. पण आज आपल्याला ‘बहुधा’ म्हणावे लागते, आणि त्याला दिल्ली जबाबदार आहे.

राजाविरुद्धचा राग खरा होता, हे आधी मान्य केले पाहिजे. चोग्याल, म्हणजे राजे, पाल्देन थोंडुप नामग्याल यांच्या राज्यात भूतिया-लेपचा समाजांना आणि नेपाळी भाषकांना सारख्याच जागा मिळत. लोकसंख्येत मात्र नेपाळी भाषक सुमारे तीन चतुर्थांश होते. एका माणसाच्या मताचे वजन दुसऱ्याच्या मतापेक्षा कितीतरी कमी, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती. जानेवारी 1973 च्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला, लोक रस्त्यावर आले, एप्रिलमध्ये कारभार कोलमडला आणि चोग्याल यांना भारताची मदत मागावी लागली. 8 मे 1973 रोजी चोग्याल, भारत सरकार आणि सिक्कीममधील राजकीय पक्ष यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. एका माणसाला एक मत हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. एप्रिल 1974 च्या निवडणुकीत काझी लेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने 32 पैकी 31 जागा घेतल्या. काझी स्वतः लेपचा आणि जमीनदार घराण्यातले, त्यामुळे हा उठाव केवळ नेपाळी भाषकांचा होता असेही म्हणता येत नाही. लोकांना लोकशाही हवी होती आणि ती त्यांनी मागून घेतली.

लोकशाहीसाठी मत देणे आणि आपला देश दुसऱ्या देशात विलीन करण्यासाठी मत देणे यांत मात्र फार अंतर आहे. 1974 चा 31 जागांचा कौल विलीनीकरणाचाच कौल होता, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. मराठी वाचकाने तरी तो सहज मान्य करू नये, कारण गोव्यात काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात विलीन होण्याचे आश्वासन देऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष डिसेंबर 1963 मध्ये सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढे विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. सिक्कीमचा न्याय लावला असता तर विषय तिथेच संपला असता. पण केंद्राने जनमत कौल घेण्याचे ठरवले, त्यासाठी 1966 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याला दोन पाने, अशी चिन्हे होती. प्रचार कडाक्याचा झाला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, तर ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याविरुद्ध. दोन्ही दैनिके मराठी होती, हे विशेष. 16 जानेवारी 1967 रोजी 1,72,191 गोमंतकीयांनी दोन पानांवर शिक्का मारला, 1,38,170 जणांनी फुलावर.

त्यानंतर दोनेक महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले! नेता हवा, पण त्याचे विलीनीकरण नको, असे गोव्याने दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देऊन सांगितले. महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांच्या तो निकाल जिव्हारी लागला, तरी त्यांना तो स्वीकारावा लागला. पक्षाचा विजय म्हणजे विलीनीकरणाला संमती नव्हे, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकातून होणार नाही.

सिक्कीमच्या मतदारांना असे दोन प्रश्न मिळाले नाहीत. चोग्याल ही संस्था रद्द करावी आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावे, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे एकाच वाक्यात ठेवल्या होत्या आणि दोन्हींवर मिळून एकच उत्तर द्यायचे होते. राजा नको पण आपला देश वेगळाच राहावा, असे वाटणाऱ्याने काय करायचे? भारत चालेल पण आपली जुनी गादी नावापुरती राहू द्या, असे म्हणणाऱ्या लेपचा म्हाताऱ्याने काय करायचे? 1973 पासून लोकांचा सगळा रोष राजावर होता. तो रोष विलीनीकरणाच्या खात्यात आपोआप जमा होईल अशीच प्रश्नाची रचना होती. हे मला त्या मतदानातले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते, सैन्याच्या हजेरीपेक्षाही मोठे. सैनिक निघून गेले असते तरी तो प्रश्न तसाच राहिला असता.

अर्थात, सैन्य होतेच. 9 एप्रिलला भारतीय लष्कराने गंगटोकच्या राजवाड्याला वेढा घातला आणि चोग्याल यांच्या रक्षकांना नि:शस्त्र केले. त्यात एक तरुण रक्षक मारला गेला. चोग्याल राजवाड्यातच बंदिस्त झाले. 10 एप्रिलला विधानसभेने विलीनीकरणाचा आणि त्यावर जनतेचा कौल घेण्याचा ठराव केला. 14 तारखेला मतदान झालेही! डोंगरदऱ्यांच्या त्या मुलखात काही वस्त्यांना जीपने पोहोचायलाच दोन दिवस लागत. सुनंद दत्ता-रे या पत्रकाराने 1984 च्या ‘स्मॅश अँड ग्रॅब’ या पुस्तकात अशा मुदतीत मतदान घेणे शक्य तरी होते का, असा थेट सवाल केला आहे. मतदान झाले असे मानले तरी विरोधकाला सभा घ्यायला, पत्रक काढायला, गावात जाऊन चार लोकांशी बोलायला वेळ कुठे होता? लोकसभेने 36 वी घटनादुरुस्ती 23 एप्रिलला मंजूर केली, राज्यसभेने 26 एप्रिलला. 16 मे रोजी सिक्कीम 22 वे राज्य झाले. सव्वा महिन्यात सगळे पार पडले.

आता सैन्याच्या सावलीत आणि घाईत झालेले दुसरे एक मतदान पाहू: युक्रेनमधल्या क्रायमियाचे. 27 फेब्रुवारी 2014 रोजी सशस्त्र माणसांनी तिथल्या संसदेच्या इमारतीचा ताबा घेतला. आधी मतदानाची तारीख 25 मे होती, मग 30 मार्च झाली, मग 16 मार्च. मतपत्रिकेवर दोन पर्याय होते: रशियात सामील व्हा किंवा 1992 ची राज्यघटना परत आणा. आहे तसे युक्रेनमध्ये राहू, असे म्हणायला चौकटच नव्हती. जवळपास 97 टक्के मते रशियाच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. क्रायमियन तातारांच्या मेजलिस या प्रतिनिधी संस्थेने बहिष्कार टाकला होता. 27 मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हे मतदान अवैध ठरवणारा ठराव 100 विरुद्ध 11 मतांनी संमत झाला. 58 देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता.

सिक्कीम आणि क्रायमिया सारखेच, असे मी म्हणत नाही. सिक्कीम 1950 च्या तहापासून भारताच्या संरक्षणाखाली होते, परराष्ट्र व्यवहार भारताकडे होते. युक्रेन पूर्ण सार्वभौम देश होता आणि त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन रशियाने 1994 मध्ये लेखी दिले होते. सर्वांत महत्त्वाचा फरक नंतरचा आहे. रशियाने 2016 मध्ये मेजलिसवर बंदी घातली. सिक्कीममध्ये विलीनीकरणाला विरोध करणारे नरबहादूर भंडारी आणीबाणीत तुरुंगात होते, पण 1979 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जिंकला आणि ते मुख्यमंत्री झाले. काझींच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, स्वतः काझीही हरले. देश विकला म्हणून त्यांना शिव्या खाव्या लागल्या. म्हणजे सिक्कीमच्या मतदाराला आपला राग मोकळेपणाने व्यक्त करण्याची पहिली खरी संधी मिळाली ती विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. ती मिळताच त्याने ती वापरली. आणि त्याने निवडलेल्या विरोधकाने राज्य भारतीय घटनेच्या चौकटीतच चालवले. आजच्या सिक्कीमची वैधता मला 1979 च्या या मतपेटीत दिसते. सिक्कीमसाठीच्या विशेष तरतुदींचे घटनेतले कलम 371-एफ, भूतिया-लेपचांच्या राखीव 12 जागा, बौद्ध संघासाठीची एक जागा, हे सारे त्याच वाटेने टिकले आहे.

म्हणूनच 14 एप्रिलच्या मतदानाविषयी खरे बोलायला आपल्याला भीती वाटण्याचे कारण नाही. मोरारजी देसाई यांनी पंतप्रधान असताना 1978 मध्ये या विलीनीकरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता आणि आता ते मागे घेता येणार नाही, हेही सांगितले होते. त्यांच्यावर तेव्हा टीका झाली, पण सिक्कीम कुठेही गेले नाही. 2003 पासून सिक्कीम भारताचे मानण्याला असलेला चीनचा आक्षेपही मावळत गेला आणि 2006 मध्ये नथु ला खिंडीतून व्यापार पुन्हा सुरू झाला.

1973 ते 1975 या काळातली सिक्कीमविषयीची सगळी सरकारी कागदपत्रे केंद्राने अभ्यासकांना खुली करावीत: मतदानाचे आदेश, केंद्रांची यादी, तिथल्या अधिकाऱ्यांचे अहवाल, गुप्तचर विभागाच्या फायली. ज्या 1,496 माणसांनी बंदुकांच्या सावलीत, चार दिवसांच्या मुदतीत, हरणार हे ठाऊक असताना विरोधात मत दिले, ती कुठल्या गावची होती आणि त्यांचे म्हणणे काय होते, हे सिक्कीमच्या नव्या पिढीला कळायला हवे. तसेच ज्या 59,637 जणांनी बाजूने मत दिले, त्यांतल्या कित्येकांनी ते मनापासून दिले होते. त्यांच्या मतावरचा संशय दूर होण्याचा हक्क त्यांनाही आहे.