गाडीवरची तहान आणि बिनपाण्याचे रस्ते

"उन्हात बाहेर पडताना पाण्याची बाटली सोबत ठेवा. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडणे टाळा." उन्हाळा लागला की प्रशासनाची ही सूचना येते. आम्ही पत्रकार ती छापतो, तुम्ही वाचता. सूचना चुकीची नाही, पण अर्धी आहे. बाटली माझी, मान्य. ती संपल्यावर भरायची कुठं, हे त्या सूचनेत नसतं.

मंडळी, आज त्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल लिहितोय. पोस्ट थोडी मोठी आहे, पण ज्यांच्या घरातलं कुणीतरी रोज मोटरसायकलवर फिरतं त्यांनी पूर्ण वाचा.

आधी हे बघा की दुपारी रस्त्यावर असतं कोण. सकाळचं दूध घालून परतणारा दूधवाला. बचतगटाच्या कर्जाचे हप्ते गोळा करत गावोगाव फिरणारी फायनान्सची पोरं. बियाणे कंपन्यांचे फिल्डवरचे लोक, आपला जिल्हाच बियाण्यांचा. एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यातून भट्टीजवळची पाळी संपवून वीस-तीस किलोमीटर गावाकडे निघालेला कामगार. अप-डाऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक, नर्सताई, आशाताई. पार्सल पोचवणारे. आणि लग्नसराईत एका गाडीवर नवरा, बायको, पुढं टाकीवर एक लेकरू आणि मधे दुसरं. यातल्या कुणाला १२ ते ३ घरी बसता येतं? लग्नाची तिथीसुद्धा दुपारचीच असते.

दुसरी गोष्ट, बातमीत जो ४१-४२ अंशांचा आकडा येतो तो सावलीतला असतो. हवामान खातं तापमापी ठेवतं ती जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत. डांबरावर, उन्हात, खालून इंजिनाची धग आणि शेजारून ट्रकची गरम वाफ लागत असताना तुमच्या अंगाला जे जाणवतं ते त्या आकड्यात येत नाही.

आता गाडीवाल्याचा खास धोका. पायी चालणाऱ्याचा सदरा घामानं भिजतो, त्याला कळतं की आपण घामाघूम झालो, थांबावं. गाडीवर वारा लागतो आणि घाम आल्याआल्या वाळून जातो. सदरा कोरडाच राहतो. माणसाला वाटतं, आपल्याला काही घाम येत नाहीये, वाऱ्यावर बरं चाललंय. प्रत्यक्षात पाणी जातच असतं, फक्त दिसत नाही. घरी पोचल्यावर शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तो त्याचा हिशोब.

आणि तो वाराही थंड नसतो. आपली कातडी साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला गार करण्याऐवजी तापवायला लागतो. अशा वेळी अंग गार ठेवतो तो फक्त घाम, आणि घामासाठी लागतं पाणी. म्हणूनच आपल्याकडची जुनी माणसं उन्हात अंगभर सुती कपडा घालतात, डोक्या-कानाला दस्ती बांधतात. ते अडाणीपण नाही. उघडे हात आणि उघडी मान घेऊन ४२ अंशांत साठच्या वेगानं जाणं म्हणजे भट्टीसमोर उभं राहून पंखा लावणं.

साठ किलोच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेलं, की वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं. तिथून डोकं जड होतं, लक्ष विखुरतं, हात-पाय उशिरा ऐकतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अकरा पुरुषांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली, एकदा पुरेसं पाणी पिऊन आणि एकदा कमी पाण्यावर. कमी पाण्यावर चुका दुपटीहून जास्त झाल्या. लेन सोडणं, ब्रेक उशिरा लावणं, अशा चुका. अकराच माणसं होती, हे मान्य. पण ती खोलीत बसली होती, चार चाकांच्या गाडीचा खेळ खेळत होती. आपल्याकडे दोन चाकं, समोर खड्डा, मागे हायवा आणि मधे अचानक आडवी येणारी म्हैस. "गाडी स्लिप झाली" एवढंच आपण अपघातानंतर लिहितो. चालवणाऱ्यानं शेवटचं पाणी कधी प्यालं होतं, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

म्हणून आधी आपल्या हातातल्या गोष्टी.

पाण्याची पिशवी हँडलला अडकवू नका. वळताना ती टाकीत आणि हँडलमध्ये अडकते, क्लचच्या केबलला ओढ बसते. स्कूटीच्या पायाजवळ मोकळी बाटली ठेवू नका, घरंगळत पायाखाली येते. पाठीवरच्या सॅकमध्ये स्टीलची बाटली मणक्याला टेकेल अशी ठेवू नका, पडलात तर तीच लागेल. सगळ्यात बरी जागा म्हणजे सीटच्या बाजूला बांधलेली कापडी बॅग. माझ्या गाडीला तशी आहे, दोन्ही बाजूंना एक-एक लिटर, वजन सारखं राहतं. लेगगार्डला बाटलीची कडी बसवायची असेल तर गावातला वेल्डिंगवालाही करून देईल.

गार पाण्यासाठी फ्रीज लागत नाही. शेतात बाटलीला बारदान गुंडाळून ओलं करून ठेवतात, तेच गाडीवर करा. जुना सुती मोजा बाटलीला चढवा आणि भिजवा. आपली हवा कोरडी, वर गाडीचा वारा, त्यामुळे ओल भराभर उडते आणि आतलं पाणी गार राहतं. पूर्वी जीपला आणि ट्रकला कॅनव्हासची छागल लटकलेली असायची, ती याच तत्त्वावर चालायची. कोल्ड्रिंकची रिकामी पातळ बाटली महिनाभर उन्हात तापवत वापरू नका, घरातली जाड बाटली घ्या.

तहान लागायची वाट बघू नका. निघण्याआधी दोन पेले पाणी प्या आणि दर अर्ध्या तासानं गाडी बाजूला लावून पेलाभर प्या. चालू गाडीवर एका हातानं बाटली तोंडाला लावण्याचा पराक्रम नको. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, याहून सोपी तपासणी नाही.

नुसतं पाणीच दिवसभर ढोसूनही भागत नाही, कारण घामातून मीठ जातं. मीठ घातलेलं लिंबूपाणी, ताक, कैरीचं पन्हं, हे आपलं घरचं औषध. लांब फिरायचं असेल तर खिशात ओआरएसची पुडी ठेवा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या या पाण्यानं कॉलऱ्याच्या साथीत असंख्य जीव वाचवले. पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात मिळणारे गोड पेयांचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर हे नाव लावायला एफएसएसएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगीच नाही. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तोल जायला लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

इथपर्यंत आपलं काम झालं. आता रस्त्याचं.

दोन लिटर पाणी दुपारपर्यंत संपतं. मग वीस रुपयांची बाटली. रोज दोन बाटल्या म्हणजे चाळीस रुपये, उन्हाळ्याच्या साठ दिवसांत चोवीसशे. तीनशे-चारशे रुपये रोजानं काम करणारा माणूस हा हिशोब मनात करतो आणि बाटली न घेता पुढे जातो. "घरी गेल्यावर पिऊ." हे वाक्य आपल्या रस्त्यांवर रोज हजार वेळा म्हटलं जात असेल.

बायकांची गोष्ट याहून कठीण. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शिक्षिका, नर्स यांना विचारून बघा. पाणी सोबत असतं, तरी त्या पीत नाहीत. कारण पाणी प्यालं की जायचं कुठं? रस्त्यावर बाईमाणसानं वापरावं असं शौचालय नाही. म्हणून सकाळी घरून निघताना अर्धा पेला, मग थेट संध्याकाळी. ४२ अंशांत आठ तास. लघवीचा त्रास, मुतखडा, चक्कर हे सगळं त्या मुकाट्यानं सोसतात. तेव्हा ज्यांना वाटतं की बाटलीनं प्रश्न सुटतो, त्यांनी आधी आपल्या घरातल्या बाईला विचारावं. पाण्याचा प्रश्न शौचालयाशिवाय सुटत नाही.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, त्याचा अभिमान आहेच. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाला जातो तो अंबड, मंठा, राजूर, देऊळगाव राजाच्या रस्त्यानं. हे रस्ते रुंद झाले, चांगलं झालं. पण कडेची लिंबं आणि वडं गेली, त्यांच्याबरोबर सावली गेली आणि सावलीतला रांजणही गेला.

पाणपोई ही आपल्याला नवी शिकायची गोष्ट नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले ते वाटसरूचा विचार करून. आपल्या अंबड भागात त्या काळच्या बारवा आजही उभ्या आहेत. वैशाखात पाणी पाजणं हे पुण्य, हे खेड्यातल्या म्हातारीलाही माहीत होतं. आज पाणपोई म्हणजे उद्घाटन. फीत, नारळ, फोटो, बॅनरवर पंधरा चेहरे. उद्घाटनाच्या प्रेसनोट दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. रांजण कोरडा पडला, पेला चोरीला गेला, पाणी भरणारा माणूस पगाराविना निघून गेला, याची प्रेसनोट मला कुणीच कधी पाठवली नाही.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकवतात. "ज्या जिल्ह्यात घरच्या नळाला पाणी कधी येईल याची वाट बघावी लागते, तिथं रस्त्यावर पाणी कुठून आणणार?" दुष्काळ मीही पाहिलाय. २०१२-१३ ला मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, ते विसरलेलो नाही. पण हिशोब करून बघा. एक माणूस थांबून अर्धा लिटर पाणी पितो. चारशे माणसं प्याली तर दिवसाला दोनशे लिटर. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये पन्नास दिवस, म्हणजे जवळपास अख्खा उन्हाळा. एका फाट्यासाठी उन्हाळ्याला एक टँकर, एवढाच मामला आहे. प्रश्न पाण्याचा नाही, रोज भरणाऱ्या माणसाचा आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक, पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, हवा, शौचालय आणि प्रथमोपचार पेटी मोफत मिळणं हे तेल कंपन्यांच्या नियमावलीतच आहे. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा संकोच न करता मागा. नाही म्हटलं किंवा शौचालयाला कुलूप असलं तर तक्रार पुस्तक मागा. तहसीलदार आणि पुरवठा विभागानं मार्चमध्येच एकदा सगळे पंप फिरून बघावेत.

दोन, मोठ्या रस्त्यांवर दर दहा किलोमीटरला, ज्या गावाचा फाटा आहे तिथं, सावली, झाकणाची टाकी, तोटी आणि बाईमाणसाला वापरता येईल असं एक शौचालय हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतली साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवली होती. सरपंचांना "बंधित" हा शब्द तोंडपाठ आहे. तोच शब्द फाट्यापर्यंत पोचू द्या.

तीन, पाणपोई सुरू करणाऱ्या प्रत्येकानं बॅनरवर चेहऱ्यांऐवजी दोनच गोष्टी लिहाव्यात. पाणी भरणाऱ्याचा फोन नंबर आणि "१५ जूनपर्यंत चालू".

चार, ज्यांची पोरं दिवसभर गाडीवर फिरतात त्या कंपन्यांनी टार्गेटसोबत दुपारी अर्ध्या तासाची सावलीतली सुटी आणि पाण्याचा खर्च द्यावा. पेट्रोल भत्ता देता ना, मग गाडी चालवणाऱ्यालाही काहीतरी लागतं.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या रोजच्या रस्त्यावर पिण्याचं पाणी कुठं मिळतं, कुठली पाणपोई चालू आहे, कुठली नुसती बॅनरपुरती उरली, कुठल्या ठिकाणी बायकांना वापरता येईल असं शौचालय आहे, हे गावाच्या नावासह मला लिहून कळवा. आठही तालुक्यांची यादी करून मी ती जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत लेखी देणार आहे, पोच घेऊन. पोच मिळाली की ती इथंच टाकतो. पुढे काय झालं तेही टाकतो, आणि काहीच झालं नाही तर तेही.

तोवर बाटली भरून घ्या. आणि दारात गाडी थांबवून कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणू नका.