ग्रहणाचे चष्मे : छापील शिक्का पुरेसा नाही

बंगळुरू : २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी बंगळुरूच्या आकाशात चंद्राने सूर्यबिंबाचा सुमारे नऊ-दशांश भाग झाकला होता. कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा किनारी कर्नाटकाचा दक्षिण भाग, केरळ व तमिळनाडू येथून गेला; बंगळुरूत मात्र ग्रहण खंडग्रासच राहिले. चष्म्याविना सूर्याकडे पाहावे असा एकही क्षण या शहराला त्या दिवशी मिळाला नाही.

उजेड मंदावला तरी सूर्याचा उरलेला भाग नेहमीइतकाच प्रखर असतो. नेत्रपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने इजा होताना कळत नाही. दृष्टी अंधुक झाल्याचे काही तासांनी लक्षात येते. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म, सीडी किंवा साधा गॉगल यांनी डोळे दिपणे थांबते. परंतु अदृश्य अवरक्त किरण आत शिरू शकतात. म्हणूनच ही साधने फसवी ठरतात.

आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्रहणाच्या चष्म्यातून ०.००३२ टक्क्यांहून अधिक दृश्य प्रकाश जाता कामा नये. मात्र २०१७ मध्ये अमेरिकेतील ग्रहणापूर्वी हाच शिक्का छापलेले बनावट चष्मे बाजारात आले आणि शिक्का म्हणजे पुरावा नव्हे, हे स्पष्ट झाले. चांगल्या चष्म्यातून घरातील साधा दिवा दिसत नाही. तथापि या चाचणीने अवरक्त किरणांची पारख होत नाही. त्यामुळे चष्मा कोणाकडून घेतला, हाच निर्णायक प्रश्न उरतो. तारांगणे, विज्ञान केंद्रे व त्यांनी शिफारस केलेले विक्रेते हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे. ओरखडा किंवा छिद्र पडलेला चष्मा टाकून द्यावा.

वेल्डिंगची १४ क्रमांकाची काचही चालते. दुर्बिणीला मात्र सौर गाळणी पुढील भिंगावरच बसवावी लागते. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीत डोकावणे घातक आहे, कारण एकवटलेली उष्णता चष्मा क्षणात जाळू शकते.

खात्रीचा चष्मा न मिळाल्यास पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घेता येते. त्यासाठी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. या उपायाला खर्च नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण दिसेल. २१ मे २०३१ रोजी केरळ व तमिळनाडूतून कंकणाकृती, तर बंगळुरूतून पुन्हा खंडग्रास ग्रहण दिसेल. चष्मा तपासून घेण्यास तोवर पुरेसा अवधी आहे.