लहरी जनतेच्या, मग बातमी कोणाची?

१/ ‘१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी मुक्त केल्या’ हे वाक्य इतिहासप्रेमी मंडळी निर्धास्तपणे फेकतात. धुळे-जळगावच्या श्रोत्याच्या जागेवरून पाहिले, तर ते टिकत नाही.

२/ मुळाशी आहे १९३३चा बिनतारी कायदा. विनापरवाना रेडिओ नुसता बाळगणे हाच गुन्हा, पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड. प्रक्षेपण दूरच राहिले, ऐकण्यालाही परवाना! इंग्रज गेले, कायदा राहिला. जुन्या ट्रंकांत पोस्टाची रेडिओ परवान्याची पुस्तिका आजही सापडते.

३/ नियमनच नको, असे माझे म्हणणे नाही. जळगाव आकाशवाणीच्या ९६३ किलोहर्ट्झवर शेजारीच दुसरे केंद्र बोलू लागले, तर दोन्ही बुडतील. मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते. धुळे केंद्राच्या १००.५ मेगाहर्ट्झसारखी एफएम लहर डोंगराआड क्षीण होते. जागा मर्यादित, म्हणून वाटप अटळ. प्रश्न वाटणाऱ्याचा आहे.

४/ ९ फेब्रुवारी १९९५चा निकाल क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादातला. न्या. पी. बी. सावंत यांनी लहरींना सार्वजनिक मालमत्ता म्हटले आणि त्यांच्या नियमनासाठी समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था स्थापण्याचा आदेश केंद्राला दिला. हा उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळला जातो.

५/ कोणी प्रसार भारतीकडे बोट दाखवील. ती आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवते. खासगी केंद्रांना लहरी वाटत नाही. ते काम आजही केंद्र सरकारकडेच आहे.

६/ खासगी एफएमसाठी शहरवार लिलाव झाले. बोली जिंकणाऱ्याने गाणी वाजवावीत. स्वतःची बातमी मात्र देऊ नये, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवावे. गिरणेला पूर आल्याची सूचना चालते. धरणातून पाणी उशिरा का सोडले, ही बातमी चालत नाही. धुळ्यात नळाला पाणी येणार नाही हे सांगता येते, त्याला जबाबदार कोण हे नाही. वृत्तपत्राला मुभा, दूरचित्रवाणीला मुभा. शेतमजुराच्या खिशातल्या स्वस्त संचालाच तेवढी बंदी. सुरक्षेचे कारण पुढे केले जाते. मग तेच कारण वृत्तवाहिन्यांना का लागू नाही?

७/ भीती जुनीच आहे. १९४२ साली उषा मेहता आणि साथीदारांचे गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर जेमतेम तीन महिने चालले. वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या बातम्या त्यावरून जात, आणि त्यासाठीच पोलीस त्याच्या मागावर होते.